वाचकांचे प्रश्न : शरदातील सफरचंदे, डुकराचे मांस आणि एकच ट्रे

प्रश्न : दर वर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही मुलांना घेऊन सफरचंदे तोडायला बागेत जातो. या वेळी मॅकिंटॉश जातीची अर्धा बुशेल, म्हणजे सुमारे दहा किलो, सफरचंदे घरी आली. ती संपवावीत म्हणून मी काचेच्या खोल भांड्यात डुकराच्या मांसाचे चॉप, बटाट्याच्या मोठ्या फोडी, कांदे आणि सफरचंदे असे सगळे एकदम भरून ३७५ अंश फॅरनहाइटवर पाऊण तास भाजले. चॉप बिनहाडाचे आणि जेमतेम अर्धा इंच जाडीचे होते. ते चामड्यासारखे चिवट झाले, बटाटे आतून कच्चे राहिले, सफरचंदांचा लगदा झाला आणि तळाशी दोन बोटे पाणी साचले. मुलांनी ताट बाजूला सारले. एका भांड्यातले हे जेवण सोपे असते असे सगळे सांगतात, मग माझे कुठे चुकले? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : आपल्या पत्रातले ‘सगळे एकदम’ हे दोन शब्द वाचले आणि मला माझा न्यू यॉर्क राज्यातला पहिला शरद ऋतू आठवला, कारण त्या वर्षी मीही अगदी हेच केले होते. एका भांड्यात स्वयंपाक करायचा म्हणजे सगळे जिन्नस एकाच वेळी भांड्यात घालायचे, असा आपला समज होतो आणि तिथेच घोटाळा होतो. आपण घरी रस्सा करताना बटाटा आणि टोमॅटो कधी एकदम घालत नाही. फोडणी, कांदा, बटाटा, शेवटी टोमॅटो हा क्रम हाताला सवयीचा असतो. ओव्हनचे दार बंद झाले की मात्र तोच क्रम आपण विसरतो. इंचभराच्या बटाट्याच्या फोडीला ३५ ते ४० मिनिटे लागतात, सव्वा इंच जाडीच्या चॉपला १५ ते २०, आणि सफरचंदाच्या जाड फोडीला तेवढीच किंवा थोडी कमी. ही गणिते एकाच घड्याळात बसवायची असतील, तर बटाट्याने आधी ट्रेवर जायला हवे आणि मांसाने व फळाने मागाहून यायला हवे. या जेवणात एवढे एक सांभाळले तरी निम्मे काम होते.

आता पाण्याविषयी. सफरचंदाच्या वजनात सुमारे ८५ टक्के पाणी असते, कांद्यात त्याहून थोडे अधिकच, आणि मांसही तापल्यावर पाणी सोडते. उघड्या, बसक्या ट्रेवर हे पाणी सुटताक्षणी वाफ होऊन निघून जाते. खोल भांड्यात उंच कडांच्या आत ती वाफ कोंडते आणि आपण भाजत आहोत असे समजून प्रत्यक्षात पदार्थ वाफवत बसतो. वाफेत काही तांबूस होत नाही. म्हणून या जेवणासाठी इंचभर कडेचा, अ‍ॅल्युमिनियमचा, १८ बाय १३ इंचांचा ट्रे घ्यावा आणि त्यावर जिन्नस एकाच थरात, एकमेकांना फारसे न चिकटता राहतील इतकेच ठेवावेत. चौघांपुरते एवढ्या ट्रेवर नीट मावते. सहा जणांचे करायचे असेल, तर दुसरा ट्रे घ्यावा, पण रास करू नये. काचेचे भांडे इथे आणखी एका कारणाने नको: ते तापलेले असताना त्यात थंडगार मांस ठेवले, तर तडकण्याची भीती असते.

मांस कोरडे होण्याचे कारण मात्र वेगळे आहे आणि त्याचे मूळ दुकानातच आहे. चॉप पाठीच्या मांसाचे असतात. त्या स्नायूला फारसे काम नसते, त्यामुळे त्यात चिवट पडदे कमी आणि चरबीही कमी असते. असे मांस शिजायला वेळ लागत नाही आणि ते वाळायलाही वेळ लागत नाही. आतले तापमान ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की स्नायूतले तंतू आवळतात आणि ओला कपडा पिळावा तसे पाणी बाहेर टाकतात. अर्धा इंच जाडीचा चॉप गरम ट्रेवर सात-आठ मिनिटांत तयार होतो. आपण त्याला पाऊण तास दिलात. दोष आपल्या हाताचा नाही, चॉपच्या जाडीचा आणि घड्याळाचा आहे. पुढच्या वेळी हाड असलेले, एक ते सव्वा इंच जाडीचे चॉप मागून घ्या. काउंटरवरचा माणूस हवी ती जाडी कापून देतो, फक्त आपण सांगायला हवे. हाडाजवळचे मांस सावकाश तापते, त्यामुळे आपल्याला चार-दोन मिनिटांची उसंत मिळते.

मीठ आदल्या रात्री लावावे, हे मी आग्रहाने सांगते. किलोभर मांसाला १२ ते १३ ग्रॅम, म्हणजे साध्या बारीक मिठाचे सपाट दोन चहाचे चमचे, दोन्ही बाजूंनी चोळून चॉप ताटलीत ठेवावेत आणि न झाकता फ्रिजच्या तळच्या कप्प्यात ठेवावेत. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात मीठ ओलसर होऊन पाणी वर आलेले दिसते, ते पाहून घाबरू नये. नंतर तेच खारे पाणी मांस परत शोषून घेते, आतपर्यंत चव पोहोचते आणि भाजताना मांस आपले पाणी अधिक धरून ठेवते. सकाळी चॉपची वरची बाजू कोरडी आणि किंचित चिकट लागते. नेमकी तशीच ती हवी असते, कारण कोरड्या पृष्ठभागावर रंग झटकन चढतो. आदल्या रात्री आठवण राहिली नाही, तर निदान एक तास आधी तरी मीठ लावावे. चॉपच्या कडेला चरबीची पांढरी पट्टी असते, तिला दोन-तीन ठिकाणी सुरीने खाच द्यावी, नाहीतर ती पट्टी आखडते आणि चॉप वाटीसारखा वळतो.

आता सफरचंद. मॅकिंटॉश हे खायला सुरेख फळ आहे, पण ओव्हनमध्ये ते उभे राहत नाही. सफरचंदाच्या पेशी पेक्टिन या डिंकासारख्या द्रव्याने एकमेकींना सांधलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये पुष्कळ हवा असते. फळाच्या आकारमानाचा जवळपास पाचवा ते चौथा हिस्सा हवेचाच असतो. उष्णतेने ही हवा फुगते, सांधे सुटतात, आणि मॅकिंटॉशसारख्या मऊ जातीत पेशी लगेच विखुरतात. ग्रॅनी स्मिथ, पिंक लेडी, जोनागोल्ड, नॉर्दर्न स्पाय, हनीक्रिस्प या जातींत सांधे पक्के असतात आणि फोड भाजूनही फोडच राहते. यांतही माझी पसंती नॉर्दर्न स्पायला आहे. ही जुनी जात न्यू यॉर्क राज्यातलीच. सुपरमार्केटमध्ये ती क्वचित दिसते, पण आपण जाता तशा बागांमध्ये ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मिळते. तिच्यात गोडी आहे आणि तिला पेलणारा आंबटपणाही आहे.

या आंबटपणाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण डुकराच्या मांसाबरोबर फळ गोडव्यासाठी घालतात असे बहुतेकांना वाटते. मला ते पटत नाही. हे मांस मुळातच किंचित गोडसर असते आणि त्याची चरबी जिभेवर रेंगाळते. तिला बाजूला सारून पुढचा घास पुन्हा ताजा लागावा, हे काम फळातले आम्ल करते. आपण मटणाबरोबर कांदा-लिंबू घेतो आणि सोलकढी पितो ते याचसाठी. म्हणून फळ निवडताना ते कच्चे चाखून पाहावे. दाढेशी चांगली आंबट कळ आली, तर ते ट्रेवर जाण्याच्या लायकीचे. नुसते गोड लागले, तर ते तसेच खावे.

या जोडीमागे ऋतूही आहे. युरोपात शेतकरी शरदात डुकरे रानात सोडत, ओकची फळे आणि बागेत गळून पडलेली सफरचंदे यांवर ती पुष्ट होत, आणि हिवाळ्यात त्यांना खायला घालणे परवडत नसे म्हणून ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाच्या आसपास ती कापली जात. ताजे मांस आणि ताजी सफरचंदे घरात एकाच महिन्यात यायची. नॉर्मंडीपासून न्यू इंग्लंडपर्यंत ही जोडी चुलीवर टिकून राहिली ती अशी.

आता प्रत्यक्ष कृती, चौघांसाठी. ओव्हन ४२५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे २२० अंश सेल्सिअसवर तापवावा आणि रिकामा ट्रे आतच ठेवून द्यावा. सहाशे ग्रॅम बटाट्यांच्या इंचभर फोडी आणि दोन कांद्यांचे देठासकट केलेले सहा-सहा तुकडे दोन मोठे चमचे तेल, मीठ व मिरपूड लावून तयार ठेवावेत. कांद्याचा मुळाकडचा भाग पूर्ण कापून टाकू नये, म्हणजे पाकळ्या सुट्या होऊन करपत नाहीत. ट्रे चांगला तापला की हे सारे त्यावर पसरावे. फोड टेकताच चर्र असा आवाज यायला हवा. आला नाही, तर ट्रे अजून तापलेला नाही. वीस मिनिटांनी ट्रे बाहेर काढून उलथन्याने बटाटे परतावेत, मधोमध जागा करावी, तिथे चॉप ठेवावेत आणि भोवतीच्या मोकळ्या जागेत दोन-तीन आंबट सफरचंदांच्या जाड फोडी, एकेका फळाच्या आठ याप्रमाणे, सालीसकट मांडाव्यात. साल काढू नये; फोडीला आकार तीच देते. चॉपच्या वरच्या बाजूला मोहरीची तयार पेस्ट पातळ लावावी आणि सेज या सुवासिक पाश्चात्त्य वनस्पतीची सहा-सात पाने तेलात बुडवून इकडेतिकडे टाकावीत. मध किंवा साखर घालायची असेल, तर ती शेवटच्या पाच मिनिटांत, कारण एवढ्या आचेवर ती आधी घातली तर काळी पडून कडवटते.

मसाल्याबद्दल एक गोष्ट मला फार आवडते, म्हणून सांगते. थाइम या पाश्चात्त्य पानाचा जो मुख्य सुवास आहे, तो थायमॉल नावाच्या द्रव्याचा, आणि आपल्या ओव्यातही तेच द्रव्य असते. त्यामुळे थाइम नसेल, तर पाव चमचा ओवा हातावर चुरून बटाट्यांना लावावा; पदार्थ परका वाटत नाही आणि मूळ चवही बिघडत नाही. भरड कुटलेली बडीशेपही या मांसाला चांगली लागते. गरम मसाला मात्र इथे घालू नये, सफरचंद त्याखाली दबून जाते.

पंधरा मिनिटांनी चॉपच्या मधोमध, हाडाला न टेकवता, थर्मामीटरची सुई घालून पाहावी. १४० अंश फॅरनहाइट दिसले की चॉप उचलून ताटलीत काढावेत आणि पाच मिनिटे स्वस्थ ठेवावेत; आतली उष्णता पसरून ते १४५ पर्यंत चढतात. तेवढे चढले याची खात्री सुई पुन्हा घालून करावी, आणि कमी भरले तर चॉप दोन मिनिटे परत ओव्हनमध्ये घालावेत. तोवर ट्रेवर बटाटे आणि सफरचंदे अजून दोन-चार मिनिटे खरपूस होऊ द्यावीत. मग ट्रे बाहेर काढून गरम असतानाच त्यावर दोन मोठे चमचे अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आणि तेवढेच पाणी शिंपडावे आणि तळाला चिकटलेला तांबूस थर लाकडी उलथन्याने खरवडून घ्यावा. चॉपच्या ताटलीत सुटलेला रसही त्यातच ओतावा. एवढासाच, चार चमचे, गडद रंगाचा आंबट रस होतो, पण सगळ्या जेवणाचा जीव त्यात असतो. तो चॉपवर आणि बटाट्यांवर सारखा घालावा.

घरातल्या उरलेल्या मॅकिंटॉशबद्दल: ती फुकट जाणार नाहीत. फोडी करून, चार चमचे पाणी आणि लिंबाचा रस घालून जाड बुडाच्या पातेल्यात वीस मिनिटे झाकून शिजवली की ती आपोआप मऊ होतात. ओव्हनमध्ये जो दोष होता, तो इथे गुण ठरतो. हीच चटणी चॉपबरोबर वाढता येते. सफरचंदांऐवजी बदल हवा असेल, तर बॉस्क जातीचे पेअर त्याच वेळी घालावेत, सप्टेंबरातले लांबट निळे प्लम शेवटच्या दहा-बारा मिनिटांत, आणि क्रॅनबेरी मूठभर, चमचाभर साखर लावून, शेवटच्या दहा मिनिटांत. बिनबियांची काळी द्राक्षे देठासकट झुबक्याने ठेवली, तर फुटून त्यांचा छान रस होतो. क्विन्स हे फळ मात्र या जेवणात घेऊ नये. ते मऊ व्हायला तासाहून अधिक वेळ लागतो आणि तोवर इतर कशाचीच धडगत राहत नाही.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लीड्सला असते. अमेरिकेतल्या कृतीत चॉप आतून गुलाबी चालतो असे वाचले, पण आई लहानपणापासून सांगत आली की डुकराचे मांस अर्धेकच्चे खाणे धोक्याचे. खरे काय? शिवाय त्या कृतीत सायडर घालायला सांगितले होते, मी दुकानातून आणले तर ती दारू निघाली. आणि इथल्या ब्रॅम्ली सफरचंदाच्या फोडी टिकतच नाहीत.

उत्तर : आपल्या आईंचे म्हणणे चुकीचे नाही, ते त्या काळाला आणि आपल्या देशाला धरून आहे. पूर्वी पाश्चात्त्य देशांत ट्रिकिनेला नावाच्या सूक्ष्म कृमीची भीती होती. डुकरांच्या पालनाची पद्धत बदलली, त्यांना उष्टे-खरकटे घालणे बंद झाले, तशी ती भीती पुष्कळ ओसरली. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अखंड तुकड्यांसाठी सुरक्षित तापमान १६० अंश फॅरनहाइटवरून १४५ वर, म्हणजे ६३ अंश सेल्सिअसवर आणले, आणि त्यानंतर निदान तीन मिनिटे मांस तसेच ठेवावे अशी जोड दिली. हे फक्त अखंड तुकड्यांसाठी आहे. खिमा आणि सॉसेज यांना तिथेही १६० अंशच लागतात, कारण दळताना पृष्ठभागावरचे जंतू आतवर मिसळतात. आपण राहता तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेचा सल्ला मात्र ७० अंश सेल्सिअस दोन मिनिटे, असा आहे. आपण तोच पाळावा असे मी म्हणेन. त्यासाठी चॉप जाड घ्यावा, मीठ आदल्या रात्री लावावे आणि ७० अंश दोन मिनिटे टिकले की चॉप लगेच बाहेर काढावा. तो ८०-८५ वर जाऊ दिला नाही, तर खाण्याजोगा रसदार राहतो. रंगावर मात्र विसंबू नये. कधी पूर्ण शिजलेले मांस हाडाजवळ गुलाबी दिसते आणि कधी अर्धेकच्चे मांसही पांढरे दिसते. साधा डिजिटल थर्मामीटर ही या स्वयंपाकातली सगळ्यांत उपयोगी वस्तू आहे. भारतात, जिथे जनावर कुठे व कसे वाढले याची खात्री नसते, तिथे फितकृमीचा धोका अजूनही खरा आहे. त्याच्या अळ्या माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतात. मांसातल्या अळ्या पोटात गेल्या की आतड्यात फितकृमी वाढतो आणि पुढे त्याची अंडी अस्वच्छ हातांतून किंवा अन्नातून पोटात गेली की ही वेळ येते. तेव्हा भारतात मांस पूर्ण शिजवावे आणि हात व पालेभाज्या नीट धुवाव्यात.

सायडरचा घोटाळा शब्दामुळे होतो. अमेरिकेत सायडर म्हणजे शरदात मिळणारा सफरचंदाचा गढूळ, न गाळलेला, न आंबवलेला रस. तिथे आंबवलेल्याला हार्ड सायडर म्हणतात. इंग्लंडमध्ये नुसता सायडर म्हटला की तो आंबवलेलाच, मद्य असलेला. आपल्याला मद्य नको असेल, तर गढूळ सफरचंद-रस अर्धा पेला घेऊन त्यात एक चमचा सायडर व्हिनेगर घालावे.

ब्रॅम्लीच्या फोडी टिकणार नाहीत, तो त्या जातीचा स्वभावच आहे. नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावी १८०९ मध्ये एका लहान मुलीने लावलेल्या बीपासून ही जात आली, आणि इतकी आंबट व इतक्या लवकर विरघळणारी असल्यामुळेच ती सॉससाठी नावाजली. भाजलेल्या मांसाबरोबर वाढायचा सॉस ब्रॅम्लीचा करावा. ट्रेवर मांडायला कॉक्स ही जात घ्यावी, ती आकार धरून राहते. दोन्ही घरात असतील, तर मी ट्रेवर कॉक्सच्या फोडी मांडते आणि एक ब्रॅम्ली किसून कांद्यांत मिसळते. ते कीस विरघळून तळाशी आपोआप रस तयार होतो.

प्रश्न : आम्ही वसईचे. आमच्या घरी नाताळला डुकराच्या मांसाचे इंदयाल, म्हणजे आंबट-तिखट रस्सा, होते, बाटलीत भरून ठेवायचा आमचा बाटली मसाला आणि व्हिनेगर घालून. मांसात फळ घालायची कल्पना घरच्या मोठ्यांना रुचत नाही. आमच्याकडे ओव्हनही नाही. गॅसवर, एकाच कढईत, ऑक्टोबरमधल्या आपल्याकडच्या फळांत असे काही करता येईल का?

उत्तर : घरच्या मोठ्यांना एवढेच सांगावे की फळ आपल्या पश्चिम किनाऱ्यावर या मांसात पूर्वीपासूनच आहे, फक्त ते फोडीच्या रूपात नाही. गोव्यात आमसुले घालून डुकराचे मांस करतात, आमसूल हे फळाचेच साल. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये पंडी करीला, म्हणजे डुकराच्या मांसाच्या रश्श्याला, जी काळीभोर आंबट कच्चमपुळी घालतात, तीही आमसुलाच्याच कुळातल्या फळाचा आटवलेला रस. आणि विंदालूच्या नावातच पोर्तुगीज भाषेतली वाइन आणि लसूण आहेत. गोव्यात वाइनच्या जागी माडीचे व्हिनेगर आले. आंबट आणि चरबी ही जोडी आपलीच आहे. इंग्लंडमधली गृहिणी सफरचंदाकडून जे काम करून घेते, तेच आपली आजी आमसुलाकडून करून घेत आली.

गॅसवर करताना चॉप घेऊ नयेत, खांद्याचे मांस घ्यावे, चरबीसह, पाऊण किलो. या स्नायूने आयुष्यभर काम केलेले असते, त्यात चिवट पडदे असतात आणि मंद आचेवर तासभर शिजल्यावर ते पडदे विरघळून रस दाट होतो. म्हणजे चॉपच्या अगदी उलट. दीड इंचाचे तुकडे करून मीठ आणि दोन चमचे बाटली मसाला चोळावा. जाड बुडाच्या स्टीलच्या किंवा हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कढईत तेल न घालता तुकडे चरबीची बाजू खाली करून ठेवावेत. दहा-बारा मिनिटांत चरबी सुटून कढईत पुरेसे तेल होते आणि तुकड्यांना रंग चढतो. बिडाची कढई एरवी उत्तम, पण व्हिनेगर व आंबट फळ तासभर तिच्यात शिजले, तर रस काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते, म्हणून या पदार्थाला ती नको. मग कांदा परतावा, दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि अर्धा पेला पाणी घालावे, घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर तासाभरापेक्षा थोडे अधिक शिजवावे. मध्ये दोनदा झाकण काढून पाणी पाहावे. काट्याने तुकडा सहज तुटला की मांस झाले. फळाची वेळ आता येते, आधी नाही.

ऑक्टोबरमध्ये आपल्या बाजारात काश्मीरची सफरचंदे भरपूर येतात, पण त्यांतली बरीचशी लाल, गोड आणि पिठूळ असतात. ती घ्यायची असल्यास लिंबाच्या रसाची जोड द्यावी. मला विचाराल तर मी गदरलेला पेरू घेईन, म्हणजे अजून हिरवट आणि टणक, पण वास सुटू लागलेला. बियांचा गर काढून जाड फोडी कराव्यात, त्या कढईत मांसाच्या वर ठेवाव्यात, झाकण न ठेवता दहा-बारा मिनिटे आच थोडी वाढवावी आणि कढई हलवत राहावी. उलथने लावले तर फोडी मोडतात. रस आटून फोडींना चिकटला की दोन आमसुले घालून गॅस बंद करावा. पेरूचा सुवास बाटली मसाल्यापुढे हरत नाही, हे मी करून पाहिले आहे. सफरचंदाबद्दल मला तेवढी खात्री देता येत नाही. सोबत तांदळाची भाकरी उत्तम.

प्रश्न : आमच्याकडे साताऱ्याहून सासूबाई तीन महिन्यांसाठी येणार आहेत. त्या मांसाहार करत नाहीत. ओव्हन एकच आहे. आमचे जेवण आणि त्यांचे जेवण एका वेळी कसे करावे? उरलेले दुसऱ्या दिवशी कसे ठेवावे? (एक वाचक, कोलंबस, ओहायो)

उत्तर : त्यांच्यासाठी वेगळा ट्रे विकत घ्या आणि तो फक्त शाकाहारासाठी ठेवा, ही पहिली गोष्ट. एका ट्रेवरच्या अर्ध्या भागात भाज्या आणि अर्ध्या भागात मांस, असे करू नये. रस आणि चरबी पसरतेच आणि पाहुण्या माणसाच्या मनात शंका राहते. दुसरे, त्यांचा ट्रे आधी भाजून काढावा. रताळी, गाजरे, कांदे, शिजवून निथळलेले काबुली चणे आणि आंबट सफरचंदाच्या फोडी, तेल, मीठ, ओवा आणि थोडे तिखट, ४२५ अंशांवर ३५ मिनिटे. सफरचंद यातही शेवटच्या पंधरा मिनिटांत घालावे. हा ट्रे झाकून ठेवला तरी अर्धा तास गरम राहतो. त्यांची हरकत नसेल आणि दोन्ही ट्रे एकदमच आत ठेवायचे असतील, तर शाकाहारी ट्रे वरच्या कप्प्यात आणि मांसाचा खालच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे वरून काही ठिबकत नाही, आणि ओव्हनमधला पंखा बंद ठेवावा. उलथने आणि चमचे वेगळे हवेत. हे त्यांना आधी दाखवून, विचारून करावे. त्या नको म्हणाल्या, तर आपले मांस त्या दिवशी गॅसवर, वेगळ्या तव्यात करावे. थोडे गैरसोयीचे होईल, पण तीन महिन्यांच्या मुक्कामात त्यांना स्वयंपाकघरात मोकळेपणाने वावरता येणे महत्त्वाचे आहे.

उरलेले मांस दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे. तीन-चार दिवस ते चांगले राहते. चॉप परत गरम केला की कोरडा होतो, म्हणून हाडापासून सोडवून पातळ काप करावेत आणि तव्यावर चमचाभर पाणी किंवा उरलेला रस घालून, झाकण ठेवून, फक्त वाफ येईपर्यंत तापवावेत. बटाटे आणि सफरचंदे वेगळ्या डब्यात ठेवावीत, कारण सफरचंद रात्रभरात पाणी सोडते आणि मांसाचा खरपूसपणा घालवते. दुसऱ्या दिवशी ती सफरचंदे कुस्करून मोहरीच्या पेस्टबरोबर पावाला लावावीत, वर मांसाचे काप ठेवावेत आणि लोणच्यातल्या कांद्याच्या दोन चकत्या घालाव्यात. मुलांच्या डब्याला हे चालते.

(पुढील अंकासाठी प्रश्न पाठवताना आपले भांडे, ओव्हनचे तापमान आणि मांसाची जाडी जरूर लिहावी, एडिसनच्या वाचकांनी ती लिहिली होती, म्हणूनच त्यांना नेमके उत्तर देता आले.)